उगवायच्या आधी भरलेल्या नांग्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. दारू पिऊन बरळायची सवय असती तर एखाद्या वेळी तोंडून निसटलं असतं. तीही सवय नाही. बायकोला माझ्या बाकी सगळ्या भानगडी ठाऊक होत्या – ही एवढी नव्हती. आता ती नाही, आप्पा नाहीत, गुलाबमामा तर कधीच गेले. म्हणजे ज्यांच्यासमोर मान खाली घालायची, ते सगळे गेल्यावर मी तोंड उघडतोय. यात शूरपणा काही नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कुठून सुरुवात करू? पाभरीपासून करतो. तिच्याबद्दल बोलणं त्यातल्या त्यात सोपं आहे.

पाभर म्हणजे पेरायचं अवजार, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. पण आता शहरात वाढलेली माणसंही हे वाचतील, म्हणून सांगतो. पुढे बैल, मागे फण, फणांना जोडलेल्या पोकळ नळ्या, आणि नळ्यांच्या डोक्यावर एक लाकडी वाडगं. त्याला चाडं म्हणतात. बाई ओटीत बी घेऊन मागून चालते आणि मुठीतून चाड्यात सोडत जाते. किती सोडायचं, कुठे हात आवरायचा, एखादी नळी तुंबली तर कशी ओळखायची – सगळं त्या मुठीत. न्हावऱ्याच्या हौसाबाईची मूठ पंचक्रोशीत नावाजलेली होती. पेरणीच्या दिवसांत लोक तिला आठ-आठ दिवस आधी सांगून ठेवत.

पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. शेतकऱ्यांनी मिळून शिरूरला अवजारांचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, दोन लेथ, एक भट्टी आणि बाहेर मोडक्या नांगरांचा ढीग. मी चोवीस वर्षांचा, पुण्याहून डिप्लोमा घेऊन नुकताच आलेलो. खिशात स्लाइड रूल – आकडेमोडीची सरकती पट्टी – असायचा. त्याचा तिथं काडीचा उपयोग नव्हता, पण तो लोकांना दिसेल अशा बेतानं ठेवायचो. यावरून काय ते ओळखा.

कारखान्याचे चेअरमन आप्पा, न्हावऱ्याचे बागायतदार. आणि मिस्त्री गुलाबमामा. मूळचे शिरूरचेच, मुसलमान. दौंडला रेल्वेच्या शेडमध्ये उमेदीची वर्षं फिटरचं काम करून परत आलेले. सगळा गाव त्यांना मामा म्हणायचा, मीही म्हणायचो. मामांच्या कानशीखालून निघालेल्या लोखंडावर पट्टी उभी धरली तर मधून उजेडाची रेघ दिसायची नाही. मला ते ‘सायेब’ म्हणायचे, वयानं माझ्या दुपटीहून मोठे असून. मला ते आवडायचं.

आप्पांनी सांगितलं, आपल्या कारखान्याची स्वतःची एक लोखंडी पाभर पाहिजे. हलकी, टिकाऊ, सगळ्या तालुक्यात जाईल अशी. मी पंधरा दिवस कागद काळे केले. माझी कल्पना अशी – चाडं काढून टाकायचं, बाईही काढून टाकायची. चाकावर फिरणारी एक बंद पेटी, पेटीत खाचा पाडलेली चकती. चाक फिरलं की चकती फिरणार, खाचेतून मोजून बी पडणार. एका माणसात पेरणी! मामांची कल्पना त्यापुढे अगदीच साधी. चाडं ठेवायचं, पण लोखंडाचं आणि उथळ. नळ्यांची तोंडं उघडी, म्हणजे चालता चालता बाईला प्रत्येक नळीत बी पडताना दिसेल. फण खाली-वर करायला एक खिट्टी. बस.

दोन कल्पनांतून एक कशी निवडायची, हे आम्हांला कॉलेजात शिकवलं होतं. उभे रकाने, आडवे रकाने. वजनाला इतके गुण, ओढीला इतके, दुरुस्तीला इतके. शेवटी बेरीज, आणि ज्याची बेरीज जास्त ते अवजार करायचं. शेडच्या भिंतीवर मी खडूनं हा तक्ता काढला. मामा बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, “सायेब, यात एक खाना ऱ्हायला. बी पडतंय का न्हाई ते दिसतंय का – त्याला बी मार्क पायजेत.”

मी हसलो. मोठ्या शास्त्रज्ञासारखा हसलो. म्हणालो, यंत्र म्हटल्यावर दिसायची गरजच नसते.

तो रकाना मी घेतला नाही. तरी बेरीज झाली तेव्हा मामांची पाभर तीन गुणांनी पुढे होती. मग मी काय केलं? ‘माणसं किती लागतात’ या रकान्याचे गुण दुप्पट धरले. का? कुणी विचारलंच तर सांगायला कारण तयार होतं; कारणं काय, माझ्याजवळ कधी कमी नव्हती. उत्तर आधी ठरलेलं होतं, गणित मागाहून मांडलं. पण खरं सांगू का – ही माझी कबुली नव्हे. असले तक्ते पुढे आयुष्यभर पाहिले, निम्मे तरी असेच भरलेले असतात. ही तर नुसती सुरुवात आहे.

आप्पांनी भिंतीकडे पाहिलं आणि धोतराचा सोगा झटकला. “तक्ताबिक्ता ऱ्हाऊ द्या, इंजिनेर सायेब. दोन्ही एकेक करून बघू. माझ्या रानात शेजारी शेजारी पेरू. आठव्या दिशी उगवलेलं बघायचं आन् मग काय ते बोलायचं.”

हस्ताचा पाऊस चांगला झाला होता. वाफसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी सुकली, तसं आम्ही न्हावऱ्याला गेलो. आप्पांच्या रानात मधे एका ओळीची, काकरीएवढी, जागा सोडून दोन पट्टे आखले. मामांच्या पाभरीवर हौसाबाई, माझ्या पाभरीवर कोणी नाही – फक्त बैल हाकणारा गडी आणि मागे मी. शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, बी तेच, आप्पांच्या घरचं. कणसावर काणी हा रोग पडू नये म्हणून बियाला पिवळी गंधकाची पूड चोळायची पद्धत तेव्हा नव्यानं आली होती, तशी चोळलेली. दुपारपर्यंत दोन्ही पट्टे पेरून झाले. आप्पा शिरूरला कामाला गेले, मामा भाकरी खाऊन एसटी धरायला गेले. मी मागे राहिलो. का राहिलो? कारण मागून चालताना मला काहीतरी खटकलं होतं. चकतीचा आवाज मधेच बदलत होता.

बांधावर बसून मी पेटी उघडली. खाचा पिवळ्या पुडीनं भरून गच्च झाल्या होत्या. कुठे एक दाणा अडकलेला, कुठे तोही नाही. रानात जाऊन बोटांनी माती उकरली. दोन हात बरोबर पडलेलं, मग हातभर काहीच नाही. पुन्हा दीड हात बरोबर, पुन्हा मोकळं. ओळीमागून ओळी तशाच. मी या बांधापासून त्या बांधापर्यंत उकरत गेलो.

आता पिकात अशी रिकामी जागा राहिली की तिला नांगी म्हणतात. उगवण झाल्यावर कुठे नांग्या पडल्यात ते बघून हातानं बी टोबून त्या भरायच्या, ही आपली जुनीच रीत. त्यात चोरी नाही. प्रत्येक बाई ते करते. पण माझ्या पट्ट्यातलं अजून काही उगवायचंच होतं. आणि त्या पट्ट्याचं काम पीक देणं हे नव्हतंच – खरं काय ते सांगणं, हे होतं.

मी पिशवीतलं उरलेलं बी घेतलं आणि ओळीत उकिडवा बसलो.

चार-पाच ओळी झाल्या असतील. बांधावरून आवाज आला, “आवं सायेब, काय हरवलं?” हौसाबाई होती. म्हशीला गवत कापायला आलेली. मी दचकलो, आणि म्हणालो, तपासणी चाललीय. यंत्रातून सुटलेल्या जागा भरायच्या असतात. ती हसली. “उगवायच्या आधीच नांग्या भरता व्हय? नवीच तऱ्हा!” मग माझ्या हाताकडे बघून म्हणाली, “आन् हिकडं. तुमी बी पार पाताळात घालताय, वर कवा यायचं त्ये?”

तिनं बी ओटीत घेतलं. मी पुढून उकरत जायचो, मोकळी जागा दाखवायचो. ती दोन पेरं खोल, नेमक्या अंतरावर दाणे सोडून मातीवरून हात फिरवायची. दिवस मावळायच्या आत सगळा पट्टा झाला. तिला वाटलं, हा यंत्राच्या कामाचाच भाग आहे. शिकलेल्या माणसानं सांगितलं, तिनं केलं. जाताना मला म्हणाली, “चांगलं हाय तुमचं यंत्र. पर पाठ दुखती हो त्याच्यानं.”

यावर आज मला हसू येत नाही. तेव्हा आलं होतं.

आठव्या दिवशी आप्पा आणि पाच-सहा डायरेक्टर रानात आले. दोन्ही पट्टे हिरवेगार. माझ्या पट्ट्यात एक नांगी दिसेना. मामांच्या पट्ट्यात एक-दोन ठिकाणी होत्या, कुठल्याही खऱ्या पेरणीत असतात तशा. गुलाबमामा माझ्या ओळीत वाकले, बराच वेळ बोटानं अंतर मोजत राहिले. मला वाटलं, सापडलो. ते उठले, गुडघ्याची माती झटकली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “चकतीनं बी अक्षी हौसाच्या मुठीवानी टाकलंय. म्या उगाच शंका घेतली. सायेबांचीच पाभर करू.”

हौसाबाई बांधावर बायकांत उभी होती. तिनं मान डोलावली – कौतुकानं. तिला कोण विचारणार होतं? आणि तिला तरी काय ठाऊक, की सांगण्यासारखं काही आहे?

तुम्ही म्हणाल, अजून वर्ष हातात होतं, चकती सुधारता आली असती. मीही स्वतःला तेच सांगितलं. खाचा खोल करून पाहिल्या, तिरक्या करून पाहिल्या, शेड बंद झाल्यावर एकटा बसून. जमलं नाही. हे जमवणारा एकच माणूस त्या तालुक्यात होता, आणि तो माझ्यापासून दहा पावलांवर दिवसभर कानस चालवत होता. त्याला नुसतं म्हणायचं होतं, मामा, खाचेत पूड बसते, काय करू? पण मग ते विचारणार, तुम्हांला कधी कळलं? रानात तर एक नांगी नव्हती. तो एक प्रश्न नको, म्हणून मी वर्षभर गप्प बसलो. आणि मामा उन्हाळाभर चकत्या घासत बसले – वीसेक पाभरींच्या, एकेक खाच हातानं. घामाचा थेंब चकतीवर पडू नये म्हणून कपाळाला रुमाल बांधून.

पुढच्या रब्बीला त्या पाभरी गावोगाव गेल्या. बऱ्याचशा वडगाव रासाईला, भीमेकाठच्या काळ्या रानांत. काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. पेटी बंद, आत काय चाललंय कुणाला दिसत नव्हतं. आठ-दहा दिवसांनी लोकांनी रानं पाहिली तर अर्धी ओळ हिरवी, अर्धी काळी. तोवर ओल खाली गेली होती, पुन्हा पेरायची सोय राहिली नव्हती. रब्बीचा शाळू म्हणजे घरची वर्षाची भाकरी आणि बैलांचा कडबा. दोन्ही अर्धे. गाड्यांत घालून त्यांनी पाभरी आणल्या आणि आमच्या फाटकाशी ओतल्या. कुणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तो शुक्रवार होता. मामा नमाजाला गेले होते, वडगावची माणसं आप्पांना बोलवायला. त्या तासाभरात मी काय केलं ते आता लिहितो. मी तारेचा ब्रश घेतला आणि एकेक पेटी उघडून खाचांतली पिवळी पूड साफ केली. सगळ्या. मामा परत आले तेव्हा चकत्या स्वच्छ होत्या.

मग आप्पा आले, बरोबर वडगावची माणसं. आप्पांनी सरळ विचारलं, “डिझाइन चुकलं का काम चुकलं? एवढंच सांगा.”

मी म्हणालो, डिझाइन गेल्या वर्षी रानात सगळ्यांनी पाहिलंय. मग कॅलिपर काढला आणि दोन-तीन चकत्यांच्या खाचा मोजून दाखवल्या. केसभर फरक होता. हातानं घासलेल्या कामात केसभर फरक असतोच, आणि शाळूच्या दाण्याला त्यानं काही होत नाही, हे मला माहीत होतं. मी त्या दिवशी एक अक्षर खोटं बोललो नाही – पाहिलंत? मामांचं नावसुद्धा घेतलं नाही. फक्त कॅलिपर सगळ्यांना दिसेल असा धरला.

मामांनी माझ्या हातातून चकती घेतली. सदऱ्याला पुसली. उन्हाकडे धरून एकेका खाचेतून पाहिलं, पुन्हा पाहिलं. त्यांना फरक दिसत नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि कॅलिपरात तर तो होता. आप्पा दुष्टपणानं बोलले नाहीत. हळूच म्हणाले, “गुलाबभाई, डोळं आता साथ देत न्हाईत जणू. वय झालं की व्हतंच.”

मामांनी चकती माझ्या हातात परत ठेवली. आठवड्यानं ते कामावर यायचे थांबले. कळलं की दौंडला लेकीकडे गेले.

पुढच्या वर्षी आम्ही उघड्या चाड्याची पाभर काढली. उथळ लोखंडी चाडं, नळ्यांची तोंडं उघडी, फण खाली-वर करायची खिट्टी. होय, तीच. नकाशाच्या कोपऱ्यात सही माझी. ती पाभर शिरूर तालुक्यातच काय, दौंड, श्रीगोंद्यापर्यंत गेली आणि माझं नाव झालं. त्याच नावावर मला पुढे मोठी नोकरी लागली. ‘शेतकऱ्यात बसून, त्याचं ऐकून अवजार घडवणारा इंजिनिअर’ असं माझ्याबद्दल भाषणांत बोलायचे, आणि मी हारासाठी मान पुढे करायचो.

हे सगळं वाईट आहे. पण जे सांगायला बसलो ते अजून सांगितलेलं नाही. इतका वेळ मी त्याच्याभोवती घिरट्या घालतोय, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

चार-पाच वर्षांनी सोलापूरला जाताना दौंडला गाडी बदलायची होती. मधे तासभर होता, म्हणून चहा प्यायला स्टेशनाबाहेर आलो. भर दुपार. रस्त्यावर टांगे, हमाल, बाजाराची गर्दी. तेवढ्यात रस्त्यापलीकडून हाक आली, “सायेब! ओ शिरूरचं सायेब!”

गुलाबमामा होते. एका दुकानाच्या सावलीत बसून बाज विणत होते. इतक्या गर्दीतून, इतक्या लांबून त्यांनी मला ओळखलं होतं. मी जाड झालो होतो, चष्मा लागला होता, तरीही. त्यांच्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. काहीसुद्धा नाही.

मला बाजेवर बसवलं. जावयाच्या दुकानातून चहा मागवला. मी विचारलं, मामा, हे काय, बाजा विणता? ते म्हणाले, “लोखंडाला हात लावायचा सोडला सायेब. त्या सालापासनं कानस धरली न्हाई. सुतळीला काय, आंधळा बी विणंल. चुकलं तर एक बाज वाकडी हुईल, कुनाचं रान तर उजाड पडणार न्हाई.”

मी चहाकडे बघत होतो. मग त्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली.

“तुमच्याशी एक बोलायचं ऱ्हाऊन गेलतं,” ते म्हणाले. “तवा सगळ्यांम्होरं जीभ उचलली न्हाई, आन् मग लाजंनं आलोच न्हाई. तुमची चकती चांगली हुती. म्या ती रानात ह्या डोळ्यांनी बघितली हुती – एक नांगी नव्हती. माझ्या हातानं तिची माती केली. वडगावच्या लोकांचं साल गेलं, आन् तुमच्या पैल्या कामाला बट्टा लागला. माफ करा मला.”

ऐकलंत? ते माझी माफी मागत होते.

आम्ही दोघंच होतो. आप्पा नव्हते, वडगावचं कुणी नव्हतं. एक वाक्य पुरलं असतं. ‘मामा, तुमचा हात चुकला नव्हता.’ एवढंच. त्यात माझं काय जाणार होतं? नोकरी जाणार नव्हती, नाव जाणार नव्हतं. त्या माणसानं ते कुणाला सांगितलंही नसतं. मला पक्कं ठाऊक आहे, सांगितलं नसतं. कदाचित दुसऱ्या दिवशी त्यांनी कानस हातात घेतली असती.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या, म्हणजे माझ्या बापाच्या वयाच्या माणसाच्या. आणि म्हणालो, “जाऊ द्या मामा. मी कधी मनात धरलं नाही.”

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला.

मी चहा संपवला. गाडी लागली होती, म्हणून उठलो.